ढब्बू उजनीत पडला (फॅमिली ग्रुपवरून, थोडं गाळून)

ढब्बू म्हणजे आजीने १९९१ साली दादासाठी (काकूच्या मुलासाठी) शिवलेला हत्ती. अंग आजोबांच्या धोतराचं, कान तिच्या इरकलीच्या काठाचे, डोळे म्हणजे शर्टाची दोन बटणं, तीही वेगवेगळी. आता तो दादाच्या मुलीकडे, चिऊकडे असतो. होळीच्या आदल्या आठवड्यात ग्रुपवर जे झालं ते खाली देतोय. मधले गुलाबाचे फोटो आणि सुविचार काढलेत.

*रविवार*

वहिनी: भिगवणला, उजनी धरणाच्या काठाला पोचलो. पहाटे साडेचारला निघालो होतो. ढब्बूला कानटोपी घातलीय, म्हणे होडीत वारं लागतं.

काकू: चिऊला घातलीस का?

वहिनी: ती नको म्हणाली 🙏

आत्या: फोटो टाका गं. आमच्याकडे नागपूरच्या बाहेर पळस नुसता पेटलाय. एकदा या म्हटलं तर कुणी येत नाही, शंभर किलोमीटरवरचे पक्षी बघायला बरे जाता.

दादा: रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघ आत्या. दोन-अडीचशे तरी असतील. नावाड्याने लांबूनच इंजिन बंद केलं, आता बांबूने रेटतोय. चोच उलटी करून चिखल गाळतात. चिऊ म्हणते, हे डोक्यावर उभं राहून जेवतात.

अप्पा: त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव. पिल्लं करडी असतात. उजनीचं पाणी उतरलं की दलदल उघडी पडते, म्हणून या दिवसांत दिसतात. पट्टकदंब आहेत का अजून? ते हिमालय ओलांडून परत जातात.

दादा: अप्पा, थोडे आहेत. नंतर बोलतो, इथे गडबड झालीय.

काकू: काय झालं??

काकू: अरे बोला

काकू: फोन का उचलत नाही कुणी

वहिनी: चिऊ सुखरूप आहे. ढब्बू पाण्यात पडला. रोहित दाखवायला तिने त्याला हात लांब करून धरला होता.

मी: बुडाला?

वहिनी: नाही भाऊजी, तरंगत होता! सोंड वर, पाय वर. कानटोपी गेली. नावाडीदादांनी बांबूने ओढून घेतला. म्हणाले, एवढ्या वर्षांत माणसांच्या टोप्या, गॉगल काढले, हत्ती पहिलाच.

अप्पा: तरंगणारच. आईने त्यात सावरीचा कापूस भरलाय. त्याचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतो, पाणी सहज शिरत नाही. त्याच्याच भावकीतल्या एका झाडाचा कापूस पूर्वी लाइफ जॅकेटमध्ये भरायचे.

मी: म्युनिकमध्ये अजून स्वेटर घालून बसलोय आणि तुमचा हत्ती पोहतोय.

दादा: चिऊ रडून थांबली. चिलापी फ्राय आणि भाकरी खातेय. ढब्बू खुर्चीवर. त्याला चिखलाचा वास येतोय, मासळीचा पण.

काकू: घरी आल्यावर सरळ मशीनला लाव. गरम पाणी, शॉर्ट सायकल.

आजी: मशीन ला लाऊ नका कोणी मशीन ला लाऊ नका मी बोलून टाईप करते आहे अरे थांब गं जरा कुकर बंद कर

मी: 😂

आजी: सावरी चा कापूस मशीन मध्ये गोळा होतो मग तो सुटत नाही हत्ती चा धोंडा होईल

*सोमवार*

वहिनी: आजी, तुम्ही सांगितलं तसं करते. पोटाची शिवण उसवू ना?

आजी: पोट उसव डोकं उसवू नको डोकं उसवलं तर चिऊ घाबरेल आणि मला परत तसं तोंड शिवता येणार नाही आता सुई दिसत नाही

वहिनी: बरं. कापूस उडतो का?

आजी: उडतो म्हणजे काय घरभर होईल पंखा बंद कर जुन्या उशीच्या खोळीत भर तोंड बांध आणि उन्हात टाक दिवसातून दोनदा काठीने हलकं झोड पिंजला जातो आणि वरचं कापड रिठ्यात भिजव साबण नको कानाचा लाल रंग जाईल

अप्पा: आणि होळी होईपर्यंत गच्चीत ठेवू नका. हा कापूस ठिणगीला भुर्रकन पेटतो. तुमच्या सोसायटीची होळी खालीच असते.

दादा: अप्पा, भीती घालू नका, चिऊ वाचते आता.

वहिनी: उसवला. आजी, आतला कापूस मधोमध पिवळट झालाय पण कडेला अजून रेशमासारखा आहे. हातात धरवत नाही, निसटतो. चिऊने रिकामं पोट बघितलं आणि आतल्या खोलीत गेली. डोकं तेवढं फुगलेलं, खाली नुसतं फडकं लोंबतंय. मलाच कसंतरी झालं.

आत्या: तिला सांग, ढब्बू माहेरी गेलाय.

काकू: कुणाच्या माहेरी?

आत्या: सावरीच्या. झाडाच्या. काय तू पण वहिनी.

आजी: माझ्या माहेरचीच सावर होती ती संगमेश्वर ला परड्यात फुलली की मैना बुलबुल सगळे त्यावर मध प्यायला खाली लालभडक फुलांचा सडा पान एक नाही झाडाला वैशाखात बोंडं फुटायची आम्ही पोरं ओच्यात गोळा करायचो दोन उशा आणि हा हत्ती झाला त्यात

(हा मेसेज आजीने एका दमात बोलला असणार. काकूने तीनदा वाचला असं तिने नंतर सांगितलं.)

वहिनी: एक विचारू का? कापसात एक काचेची गोटी निघाली. मोठी, आत निळी पट्टी.

मी: काय?

मी: फोटो टाका वहिनी.

मी: दादा!!

दादा: कोणती गोटी, मला आठवत नाही.

मी: माझी ढप आहे ती. १९९८ च्या मे महिन्यात हरवली. तू म्हणालास गटारात गेली. मी दोन दिवस गटारात काठी घालत होतो.

अप्पा: हे खरं आहे. मीच त्याला आंघोळ घालायचो.

दादा: शेपटीजवळ भोक होतं, तिथून ढकलली असेल. पाच मिनिटं लपवायची होती. मग निघेना.

काकू: आणि एवढी वर्षं गप्प बसलास?

दादा: आई, मी पाचवीत होतो.

*गुरुवार*

वहिनी: कापूस वाळला, पण भरताना मूठभर कमी पडतोय. उडाला बहुतेक, सोफ्याखाली अजून सापडतोय.

काकू: तुळशीबागेत फायबर मिळतं, पाव किलो आण.

आजी: फायबर घातलं तर परत पाण्यात पडला की मला विचारू नका

आत्या: आमच्या शेताच्या बांधावर दोन सावरी आहेत. बोंडं फुटली की पिशवीभर पाठवते. तोवर हत्ती बारीक राहू दे. उन्हाळ्यात सगळेच बारीक होतात.

दादा: चिऊला चालेल म्हणतेय. पण गोटी परत आत घालायची, नाहीतर ढब्बू पोटात हलका होतो, असं तिचं म्हणणं.

मी: गोटी माझी आहे. मे मध्ये येतोय, तेव्हा घेईन.

वहिनी: भाऊजी, शिवून झालं हो. टाके दुहेरी घातलेत.