'डूम्सडे'च्या आधी डूमचे जुने अंक: कुठले, कसे, कुठे अडतं?

चिंचोका
१८ डिसेंबर २०२६ ला मार्व्हलचा सिनेमा 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे'. रॉबर्ट डाउनी त्यात डॉक्टर डूम हा खलनायक होणार म्हटल्यावर डोळ्यासमोर आलं ते 'फँटॅस्टिक फोर' कॉमिकच्या १९६४ च्या दुसऱ्या अ‍ॅन्युअलमधलं (वार्षिक विशेषांकातलं) पान. तिबेटातले भिक्षू डूमला चिलखत चढवतायत, मुखवटा सगळ्यात शेवटी. त्याआधी कॉलेजात रीडने (हाच पुढे फँटॅस्टिक फोरचा म्होरक्या) त्याच्या गणितातली चूक दाखवलेली असते, हा ऐकत नाही, यंत्र फुटतं. आख्खा डूम त्या बारा-पंधरा पानांत आहे. जुने अंक काढले असतील त्यांनी इथे लिहा. क्रम काय, अडचण काय, काय गाळलं तरी चालेल.

उलटा चष्मा
पाचव्या अंकाला हसू नका फक्त. जुलै १९६२, डूमचं पहिलं दर्शन, आणि हा चौघांतल्या सूला ओलीस ठेवून बाकी तिघांना कालयंत्राने पाठवतो कुठे, तर ब्लॅकबिअर्डचा खजिना आणायला! दाढी लावून चौघांतला बेनच ब्लॅकबिअर्ड होतो. दहाव्यात तर डूम लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बीच्या ऑफिसातच येऊन बसतो.

तिरफळ
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते.
मार्व्हल अनलिमिटेडवर (मार्व्हलच्या कॉमिक्सच्या अ‍ॅपवर) वाचणार असाल तर अ‍ॅन्युअल मुख्य मालिकेत सापडत नाहीत. 'फँटॅस्टिक फोर अ‍ॅन्युअल (१९६३)' असं वेगळं शोधा. नवे वाचक ५व्या अंकावरून सरळ ३९ वर जातात आणि डूमची जन्मकथाच राहते. 'सीक्रेट वॉर्स'चाही तोच घोळ. १९८४ ची 'मार्व्हल सुपर हीरोज सीक्रेट वॉर्स', १२ अंक. २०१५ ची नुसती 'सीक्रेट वॉर्स', ९ अंक. पोस्टर बघून भलतीच उघडते.
आणि फोनवर चौकट-चौकट पुढे सरकवणारी सोय बंद करा. कर्बीचं पानभर चित्र चार तुकड्यांत दिसलं तर काय दिसलं?

पाणचक्की
माझ्या मते क्रम एकच: डूमला देवाची ताकद मिळते आणि तो ती घालवतो. ही गोष्ट तीनदा आलीय, तेवढ्या तीनच वाचा.
१) फँ. फो. ५७ ते ६०, १९६६-६७. सिल्व्हर सर्फर या अंतराळातल्या फिरस्त्याची शक्ती चोरतो. रीड मारामारी करतच नाही. एक उडतं यंत्र वर सोडतो, डूम इरेला पेटून त्याच्या मागे जातो आणि ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसने सर्फरसाठी पृथ्वीभोवती घातलेल्या कुंपणावर आपटतो. शक्ती गेली.
२) १९८४ च्या मालिकेचे १० ते १२. बियॉन्डर या सर्वशक्तिमानाची ताकद हातात येते. मग क्लॉ या खलनायकाच्या अंगात लपलेला बियॉन्डर कानाशी शंका पेरत राहतो.
३) २०१५. इथे तो खरोखरच देव होऊन बसलाय. शेवट सांगत नाही.
तिन्ही वेळा खड्डा स्वतःच खणतो. सिनेमावाल्यांनी एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

तिरफळ
@पाणचक्की तिसऱ्याआधी थोडी तयारी लागते हो. लेखक हिकमनचं सगळं नको, पण 'न्यू अ‍ॅव्हेंजर्स' (२०१३) चे पहिले तीन तरी. दोन पृथ्व्या एकमेकींवर येतात, हाताशी आठ तास, एक नष्ट केली तर दुसरी वाचते. हे ठाऊक नसेल तर २०१५ च्या पहिल्या अंकात काहीच लागत नाही.
झाली तिसरी शिट्टी.

उलटा चष्मा
आमटी कसली? 😄

रद्दीतला राजा
४०वा अंक कुणीच घेतला नाही? बेन पोलादी मोज्यांसकट डूमचे हात चुरगाळतो, ती पानं बघा. त्याच्या आधीच्या ३९ मध्ये अजून एक गंमत. डेअरडेव्हिल या पाहुण्या नायकाची आकृती बाकीच्या चित्रातून वेगळी उठून दिसते, कारण तेवढ्याच आकृतीच्या पेन्सिल-रेषांवर वॉली वुडने शाई फिरवलीय. ४४ पासून शाईला 'जो सिनॉट' नेमाने आला आणि तिथून रेषा गुळगुळीत झाली. ४३ आणि ४४ शेजारी ठेवून बघा.
डूमच्या चेहऱ्याचं म्हणाल तर १९८५ चा २७८वा, लेखक-चित्रकार जॉन बर्नचा. मुखवटा पुरता निवायच्या आत चढवला, खरा चेहरा त्याने जळाला, असं तो दाखवतो.

वेताळपंथी
विषय थोडा वेगळा. इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी वेताळ आहेत माळ्यावर, पिवळे पडलेत. काय करू?

रद्दीतला राजा
@वेताळपंथी पिवळेपणा जात नाही. कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं. वाढ मात्र थांबवता येते. आधी माळ्यावरून खाली आणा, पत्र्याखालचा उकाडा सगळ्यात वाईट. फाटलं असेल तिथे सेलोटेप नको, डिंक पाझरून तपकिरी डाग पडतो. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, मागे आम्लरहित पुठ्ठा, अंक उभे, डब्यात सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात पिना गंजतात आणि कसर लागते, तेव्हा गणपतीनंतर एकदा सगळे उघडून बघायचे.
पिशवी मागवताना माप बघा. 'करंट' ६ ७/८ इंच रुंद, 'सिल्व्हर' ७ १/८. साठच्या दशकातला मार्व्हल करंटमध्ये कोंबला की कोपरे दुमडलेच.

वेताळपंथी
इंद्रजालला कुठलं लागेल?

रद्दीतला राजा
पट्टीने मोजा. वर पाव इंच सुटला पाहिजे.

चिंचोका
@पाणचक्की ५७ काढला. पुनर्मुद्रणात रंग फार भडक वाटतात.

पाणचक्की
गुळगुळीत पांढऱ्या कागदामुळे. ते रंग वर्तमानपत्री कागदावर ठिपक्यांनी छापायला निवडलेले, तिथे कागदच अर्धा रंग पिऊन टाकायचा. स्क्रीनवर वाचत असाल तर उजेड कमी करून पिवळट छटा लावा, बरंच सुधारतं.

तिरफळ
@उलटा चष्मा चिंचगुळाची. आणि फँ. फो.चे अंक ८४ ते ८७ विसरू नका, त्यात डूमचा देश लॅटव्हेरिया आतून दिसतो.