मदत हवी आहे: चर खोदायला टोळी मीटरवर लावावी की रोजावर?

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोली-सत्तरी भागात 11 केव्ही भूमिगत केबलचं काम पोटठेक्यावर घेतलंय. वायरमन घरचेच, त्यांचा त्रास नाही. त्रास खोदणाऱ्यांचा. विजापूरकडची 14 जणांची टोळी आहे, मुकादमामार्फत आलेली.

दर मीटरवर ठरवला. मातीत सुसाट गेले, मग जांभा लागला. चर 0.9 मीटर खोल हवा; परवा इंजिनिअरनी एके ठिकाणी उकरून टेप लावली तर 60 सेंटिमीटर! वर वाळू, विटा, इशाऱ्याची पट्टी सगळं कसं छान अंथरलेलं. 40 मीटर पुन्हा खोदलं, माझ्या खिशातून. मुकादम म्हणतो, "साहेब, दगडात मीटर परवडत नाही." खोटं नाही बोलत तो.

रोजावर लावून बघितलं तर पहार उभी आणि माणूस मोबाईलवर. त्यात चालू केबलच्या शेजारी खोदायचं असलं की शटडाऊन (लाईन बंद करून) मिळेपर्यंत सगळे झाडाखाली. तो रोज कोणी सोसायचा?

आणखी एक. उगादीला गेलेले 6 जण परतलेच नाहीत. मुकादमाने नवे 6 आणले, उचल मात्र जुन्यांच्या नावावर. हजेरीपटावर एक नावं, चरात दुसरीच माणसं. पीएफचं चलन जुळल्याशिवाय माझं बिल पुढे सरकत नाही. पाऊस तोंडावर आलाय, कोणी वाट दाखवा.

---

उत्तर: मी सांग्यात पोलची कामं करतो. माती आणि जांभा एका दरात बसवलात, तिथेच फसलात. दोन दर ठेवा, ब्रेकर लावला तर तिसरा. आणि वाळू पडायच्या आधी मोजा. 0.9 वर लाल रंग मारलेली सळी घ्या, दर 10 मीटरला चरात उभी करून फोटो. खूण वर दिसली तर तेवढ्या तुकड्याचे पैसे नाहीत. आम्ही 9 मीटरच्या पोलला उभा करायच्या आधीच बुंध्यापासून दीड मीटरवर पट्टा मारतो, पट्टा दिसला की पोल परत खाली.

नवा माणूस आला की आधी आधार आणि यूएएन (पीएफचा कायमचा नंबर), मग पहार. यूएएन बहुतेकांचा आधीच्या कामावरचा असतो, नवा काढत बसू नका. उचल मुकादमाच्या हातात देऊ नका, ज्याची त्याच्या खात्यावर टाका.

---

धागाकर्ता: आभार भाऊ. सळी उद्याच कापून घेतो. उचलीवरून मुकादम रुसणार, पण बघू. शटडाऊनच्या रोजाचं मात्र राहिलं. तुम्ही टोळीशी अर्ध्या रोजावर तोडता की पूर्ण देता?