मदत हवी आहे: लग्नासाठी निळी फुलं (जांभळी नकोत!)

घाईत_आहे:
बहिणीच्या लग्नाची फुलं ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तिला निळीच हवीत. फुलवाल्याने पाठवलेला प्रत्येक फोटो तिला जांभळा वाटतो आणि तो म्हणतो हेच निळं. खरीखुरी निळी फुलं कुठली, पटापट नावं सांगा. आज कळवायचंय. 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.

उगाच_उठाठेव:
लग्न कधी आहे? हातातल्या गुच्छासाठी हवीत की हॉलच्या सजावटीला? आणि निळं म्हणजे आकाशी, गडद की मोरपंखी?

घाईत_आहे:
निळं म्हणजे निळं हो.

सदाफुली:
डोळे मिटून डेल्फिनियम घ्या. फिक्या आकाशीपासून गर्द निळ्यापर्यंत सगळ्या छटा मिळतात, दांडा उंच असतो, स्टेजला भरगच्च दिसतं. फक्त पिकलेल्या फळांजवळ ठेवू नका. फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि पाकळ्या भराभरा गळतात.

कडूनिंब:
डोळे मिटून काय! अख्खं झाड विषारी आहे ते. हौसेने केकवर खोचाल आणि निस्तरत बसाल.

सदाफुली:
केकचं कुणी विचारलंय का इथे?

रंगारी:
एवढी कटकट कशाला? पांढरे गुलाब रंगवून घ्या. दांडे रंगाच्या पाण्यात ठेवायचे, सकाळपर्यंत पाकळ्यांच्या शिरा निळ्या. दुकानातली ती गडद निळी ऑर्किडंही अशीच असतात, दांड्यात रंग टोचलेला असतो. कुठल्याही महिन्यात मिळतात.

कडूनिंब:
आणि दांड्यातून निळं पाणी ठिबकून नवरीच्या कपड्यांवर पडलं की? रंगवलेला निळा लांबून कळतो. प्लास्टिकचीच घ्या त्यापेक्षा.

रंगारी:
दांडे पुसून फितीने गुंडाळतात, त्यासाठीच फुलवाला असतो. निळा गुलाब हवा तर दुसरा मार्ग काय, सांगा.

परीक्षानळी:
मार्ग नाहीच. बहुतेक निळ्या फुलांत डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते गुलाबात मुळात तयारच होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुक घालून केलेला गुलाब २००४ मध्ये जाहीर केला, २००९ पासून तो विक्रीला आला. नाव निळा गुलाब, दिसतो फिका जांभळा. गंमत अशी की कॉर्नफ्लॉवरच्या निळ्याचं मूळ आणि लाल गुलाबाच्या लालीचं मूळ एकच, सायनिडिन हे रंगद्रव्य. कॉर्नफ्लॉवरमध्ये ते लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमबरोबर बांधलं जातं, म्हणून निळं दिसतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्श्टेटर यांनी १९१३ साली कॉर्नफ्लॉवरमधलं रंगद्रव्य वेगळं केलं आणि १९१५ साली तेच लाल गुलाबातही असल्याचं दाखवलं. त्यांना नोबेल...

घाईत_आहे:
नोबेल नको, नावं हवीत!!

बागवान_काका:
हायड्रेंजिया. आमच्याकडे गुलाबी फुलायचा, आता निळा फुलतो. सगळा मातीचा खेळ. पीएच साडेपाचच्या खाली, म्हणजे माती आम्लधर्मी असली की मुळांना ॲल्युमिनियम मिळतं आणि फुलं निळी होतात. तुरटी पाण्यात विरघळवून अधूनमधून घालायची, चुना अजिबात नको. कुंडी मोठी घ्या, पुढच्या मोसमात फरक दिसेल.

घाईत_आहे:
काका, पुढच्या मोसमात??

सदाफुली:
कापलेला हायड्रेंजिया तयारही मिळतो, पण पटकन मान टाकतो. तसं झालं तर दांडा पुन्हा तिरका कापून सगळा गेंद पाण्यात बुडवून ठेवायचा. पाकळ्यांतूनही पाणी ओढून घेतो तो, बऱ्याचदा पुन्हा टवटवीत होतो. गुच्छ दिवसभर हातात राहणार असेल तर मी तरी घेणार नाही.

उगाच_उठाठेव:
अरे बाबा, महिना सांग! वसंतात मस्करी आणि आयरिस, पण मस्करीचे दांडे अगदी बुटके, उंच सजावटीत बुडून जातील. उन्हाळ्यात कॉर्नफ्लॉवर, नायजेला, ॲगापँथस. उन्हाळा सरताना इरिंजियम आणि एकिनॉप्स, दोन्ही काटेरी आणि करड्या झाकेचे निळे. मोसमच माहीत नाही तर सांगायचं काय?

घाईत_आहे:
ऐन थंडीत आहे. संध्याकाळी, हॉलमध्ये, पिवळे दिवे. फुलं प्रत्यक्ष कुणीच पाहिलेली नाहीत, सगळं मोबाईलवर चाललंय.

तिसरा_डोळा:
मग भांडण फुलांशी नाहीच. काही निळी फुलं निळ्याबरोबर गडद लाल आणि त्यापलीकडचा प्रकाशही परत फेकतात. आपल्या डोळ्याला तो जवळजवळ दिसत नाही, कॅमेरा पकडतो, आणि फोटोत फूल जांभळं उमटतं. लग्नाच्या फोटोतही हाच घोळ होणार, फोटोग्राफरला आधी सांगून ठेव. दुसरं म्हणजे पिवळ्या दिव्यात निळा प्रकाश मुळातच कमी, त्यात गर्द निळं काळपट दिसतं. एकेक दांडा मागव, हॉलमध्ये त्याच दिव्यांखाली धर आणि बहिणीला तिथे उभं कर. फिकं निळं निवड, बाजूला पांढरं ठेव.

सदाफुली:
पटलं. थंडीत काचघरातलं डेल्फिनियम मिळू शकतं. फिकी छटा माग. जोडीला वाळवलेलं इरिंजियम किंवा स्टॅटिस, वाळल्यावरही रंग बराच टिकतो, पाण्याची कटकट नाही.

रंगारी:
पांढरे गुलाब तर घेणारच आहात...

कडूनिंब:
नको म्हटलं ना.

घाईत_आहे:
ठरलं. फिकं डेल्फिनियम, इरिंजियम आणि पांढरं काहीतरी. उद्या हॉलवर दांडे घेऊन जातो. तिकडच्या मंडळींनी टेबलांसाठी केशरी फुलं आधीच सांगून ठेवलीत, चालेल ना?

उगाच_उठाठेव:
हे आत्ता सांगतोस?!

तिसरा_डोळा:
चालेल. केशरीशेजारी निळं उलट जास्त निळं दिसतं. फक्त दोन्ही एका फुलदाणीत कोंबू नका, आणि उद्या जाताना केशरीचाही एक दांडा ने.

बागवान_काका:
चुना घालू नका मात्र.