घर तारण न ठेवता ९० दिवसांच्या उधारीची ऑर्डर घ्यावी का?

वेणीवाली

नायके कंपनीचे संस्थापक फिल नाइट यांचे २०१६ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन मी गेल्या महिन्यात वाचून संपवले, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. विक्री दरवर्षी दुप्पट होत असतानाही खात्यात पैसा नसणे, बँकेच्या अधिकाऱ्यासमोर पुन्हा पुन्हा ओशाळे होऊन बसणे आणि १९७५ साली कारखान्यातल्या कामगारांच्या पगाराचे धनादेशच न वटता परत येणे, हे सगळे त्यांनी कसलीही सारवासारव न करता लिहिले आहे. वाचताना हे आपल्याच घरातले बोलणे आहे असे वाटत होते.

आम्ही कोल्हापुरात चपला करतो. सात कारागीर आहेत आणि चपलेवरची कातड्याची वेणी विणण्यासाठी पाच बायका काम घरी नेतात. मुंबईच्या एका मोठ्या दुकानसाखळीने दरमहा ६०० जोडांची मागणी देऊ केली आहे. जोडाला ६५० रुपये भाव मिळेल, आमचा खर्च ५२० रुपयांच्या आसपास येतो, आणि पैसे मात्र माल पोचल्यावर ९० दिवसांनी मिळतील. माझ्याकडे स्वतःचे पाच लाख रुपये आहेत. बँक १५ लाखांचे कॅश क्रेडिट (लागेल तसे काढता येणारे कर्ज) देण्यास तयार आहे, पण तारण म्हणून घर मागते. घर सासूबाईंच्या नावावर आहे आणि ते तारण ठेवायचे नाही, हे पक्के आहे. ही अट धरून कोणी असा प्रसंग निभावला असेल तर कृपया अनुभव सांगावा.

लेथवाला_भोसरी

ताई, घर तारण ठेवण्याची भीती वाटत असेल तर त्या पुस्तकातून तुम्ही काहीच घेतले नाही, असे स्पष्ट म्हणावे लागेल. मी १९९८ साली दोन जुन्या लेथवर काम सुरू केले, तेव्हा वडिलांचा राहता वाडा बँकेकडे ठेवला होता आणि वडील सहा महिने माझ्याशी बोलत नव्हते. आज माझ्याकडे अकरा यंत्रे आहेत, त्यांपैकी चार सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी आहेत, आणि तोच वाडा दुरुस्त करून त्याला दुमजली केला आहे. माझा सल्ला असा, की १५ लाखांवर थांबू नका, ४० लाख मागा, कारण बँक मागितल्यापेक्षा नेहमी कमीच देते.

सोलापूरकर_टॉवेल

भोसरीकरांचा वाडा वाचला, माझा गाळा वाचला नाही. आमच्या टॉवेलांची अशीच मोठी मागणी आली होती. पहिले तीन महिने सर्व सुरळीत चालले. पाचव्या महिन्यात त्यांनी न विकलेला माल परत पाठवला आणि वर वाहतूक खर्चही आमच्याच नावावर टाकला. करारात ‘विक्री न झाल्यास परत’ अशी एक ओळ होती, ती मी वाचली होती, पण असे कोण करते असे म्हणून सोडून दिली होती. नाइट यांचे बँकेशी फाटले, तेव्हा निशो इवाई ही जपानी व्यापारी कंपनी पाठीशी उभी राहिली आणि तिने बँकेचे सगळे देणे चुकते केले. तुमच्या आणि माझ्या मागे अशी कोणती कंपनी उभी आहे?

पश्चिम_किनारा

मी गेली चौदा वर्षे ऑरेगन राज्यात बीव्हर्टनजवळ राहतो, नायकेचे मुख्यालय माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे थोडे अधिकाराने लिहितो. त्या आत्मकथनातली घाई सर्वांच्या लक्षात राहते, सावधपणा राहत नाही. १९६४ साली नाइट आणि त्यांचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी प्रत्येकी ५०० डॉलर घातले, पहिल्या वर्षाची विक्री सुमारे ८,००० डॉलर झाली, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे नाइट आधी हिशेबतपासनीसाची आणि मग अध्यापनाची नोकरी सांभाळूनच बूट विकत होते. कंपनीचे समभाग लोकांना खुले झाले ते थेट १९८० च्या डिसेंबरात. सोळा वर्षांची ही गोष्ट आपण दोन रात्रींत वाचतो आणि तिसऱ्या दिवशी बँकेत जातो.

निवृत्त_शाखाधिकारी

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो आहे. वर सर्वांनी मते दिली, पण आकडेमोड कोणीच केली नाही, म्हणून ती करतो. दरमहा ६०० जोड गुणिले ५२० रुपये म्हणजे ३ लाख १२ हजार. एक महिना माल तयार होण्यात आणि तीन महिने उधारीत, म्हणजे पहिला पैसा हातात येईपर्यंत सुमारे साडेबारा लाख रुपये अडकतील. आपल्याकडे पाच आहेत. म्हणजे गरज साडेसात लाखांची आहे, १५ ची नाही आणि ४० ची तर मुळीच नाही.

सूक्ष्म व लघु उद्योगांच्या निदान दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१० पासूनचा दंडक आहे. त्यामुळे लघुउद्योगाच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीचे प्रमाणपत्र, दोन वर्षांचे हिशेब आणि ही आकडेमोड घेऊन पुन्हा शाखेत जा आणि कर्ज पत हमी योजनेखाली (जिच्यात तारणाऐवजी बँकेला हमी मिळते) हवे आहे, असे लेखी द्या. लेखी अर्जाला तोंडी नकार देणे शाखेला अवघड जाते. दुसरे असे, की ९० दिवसांची अटच कायद्यात बसत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडची मुदत करारातही घालता येत नाही, आणि पैसे थकल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते.

फरसाणवाले_नाशिक

साहेब, कायदा उत्तम आहे आणि मी तो वापरलाही आहे. थकलेल्या पैशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार केली, मुद्दल मिळाले, व्याजाचा मोठा भागही मिळाला, आणि त्या खरेदीदाराने त्यानंतर माझ्याकडून शंभर ग्रॅम शेवसुद्धा घेतली नाही. त्याच्या ओळखीतल्या दोघांनीही घेतली नाही.

निवृत्त_शाखाधिकारी

आपला अनुभव मी नाकारत नाही, पण आता स्थिती थोडी बदलली आहे. प्राप्तिकर कायद्यातल्या नव्या तरतुदीमुळे, जी २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून लागू झाली, मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजावट म्हणून मिळत नाही. मार्चअखेरीस त्यांचा लेखापाल स्वतःच पैसे सोडा म्हणून मागे लागतो.

फरसाणवाले_नाशिक

मार्चमध्ये सोडतो, हे खरे आहे. पण माझे बेसन जूनमध्येही रोखीनेच येते.

चप्पल_लाईन

मी स्वतः याच धंद्यात आहे. मला उधारीपेक्षा भाव खटकतो. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले कातडे, हाताची शिलाई, हाताची वेणी, आणि घाऊक भाव फक्त ६५०? २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने आपल्यासारखीच चप्पल दाखवल्यावर देशभर गदारोळ झाला, आणि आपण अजून मुंबईच्या दुकानाला ६५० ने देतो. आधी मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्या म्हणून नोंद करून घ्या आणि भाव ८०० सांगा.

आणखी एक, जे चपलेतल्या माणसालाच कळेल. दरमहा ६०० म्हणजे पावसाळ्यातही ६००. जून ते सप्टेंबर ही चप्पल कोण घेतो? मुंबईच्या दमट गोदामात तळाला बुरशी धरेल, आणि ती तुमच्या कातड्याची चूक ठरवून माल परत येईल. सोलापूरकरांचे टॉवेल निदान धुऊन विकता आले असतील.

सोलापूरकर_टॉवेल

विकता आले नाहीत. त्यावर त्या दुकानाचे नाव विणलेले होते.

पश्चिम_किनारा

पुस्तकातली एक गोष्ट इथे अजून कोणी काढली नाही. रोकड पुरत नव्हती तेव्हा नाइट यांनी दुकानदारांसमोर ‘फ्यूचर्स’ नावाची योजना ठेवली. सहा महिने आधी पक्की, परत न घेता येणारी मागणी नोंदवा आणि त्या बदल्यात ७ टक्क्यांपर्यंत सूट घ्या, अशी ती होती. मोठ्या दुकानदारांनी आधी नाके मुरडली, पण नंतर तिच्यावरच कंपनीचे चक्र फिरले.

निवृत्त_शाखाधिकारी

त्यांच्या बुटांना तेव्हा मागणी होती, म्हणून दुकानदारांनी ऐकले. सात कारागिरांच्या चप्पलवाल्यांचे मुंबईची साखळी का ऐकेल? साडेसात लाखांचे कर्ज विनातारण घ्यावे, हेच योग्य.

लेथवाला_भोसरी

सात टक्के सूट देणे म्हणजे नफ्याला स्वतःच्या हाताने कात्री लावणे होय. मी अजूनही सांगतो, ४० लाख मागा.

फरसाणवाले_नाशिक

आगाऊ पैसे कोणी देत नाही. शाखाधिकारी साहेबांचेच ऐका.

वेणीवाली

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. शाखाधिकारी काकांची आकडेमोड घेऊन मी बँकेत गेले, आणि आठ लाखांचे विनातारण कर्ज मिळण्याची शक्यता आहे, असे त्यांनी मान्यही केले. तरीही मी ते कर्ज घेतलेले नाही.

मुंबईच्या साखळीला मी २०० जोड, निम्मी रक्कम आगाऊ आणि ७ टक्के सूट असे सुचवले. त्यांनी दोन मिनिटांत नाही म्हटले, म्हणजे काकांचा अंदाज बरोबर निघाला. मग तोच प्रस्ताव पुण्यातल्या दोन आणि नाशिकमधल्या एका लहान दुकानाला दिला. तिघांनी मिळून ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांसाठी २४० जोड नोंदवले आहेत आणि निम्मे पैसे खात्यात आले आहेत. ‘चप्पल लाईन’ यांच्या सांगण्यावरून भाव ७५० सांगितला होता, तो टिकला नाही, ६५० वरच आला. मानांकनाच्या नोंदणीचा अर्ज मात्र भरते आहे.

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, रागावू नका, पण हिशेब पाहा. ७ टक्के सूट म्हणजे जोडामागे साडेपंचेचाळीस रुपये गेले. १२ टक्के व्याज धरले तरी ५२० रुपयांवर चार महिन्यांचे २१ रुपयेसुद्धा होत नाहीत. आपण स्वस्त पैसा नाकारून महाग पैसा घेतला आहे, आणि मागणीही महिन्याला ६०० वरून ६० वर आणली आहे.

वेणीवाली

काका, हिशेब तुमचा बरोबर आहे, आणि तो मी सही करण्यापूर्वी घातलाही होता. पण त्या आत्मकथनात नाइट यांचा सहकारी वुडेल याच्या आईवडिलांनी आपली ८,००० डॉलरची जमापुंजी कंपनीला उसनी दिल्याचा प्रसंग आहे, तो मी तीनदा वाचला. सासूबाईंनी मला परवा आपणहून घराची कागदपत्रे काढून दिली, तेव्हा मला तोच प्रसंग आठवला. विनातारण घेतलेले आठ लाख बुडाले असते, तर ती कागदपत्रे पुन्हा कपाटातून बाहेर आली असती, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. मी कागदपत्रे परत ठेवली. जोडामागचे साडेपंचेचाळीस रुपये त्याचेच समजा.

पहिले ८० जोड दसऱ्याआधी पाठवायचे आहेत. कापशी या कोल्हापुरी प्रकाराच्या वळणाची वेणी विणणाऱ्या आणखी दोन बायका हव्या आहेत. सुभाषनगर किंवा जवाहरनगर भागात कोणाच्या माहितीत असतील तर कळवावे.