भौतिकशास्त्राचे पहिले पुस्तक कसे निवडले? : काही अनुभव

भौतिकशास्त्र अगदी पहिल्यापासून शिकायचे झाल्यास कोणते पुस्तक हाती घ्यावे, असे विचारले की उत्तर म्हणून बहुधा नावांची यादी मिळते. ते पुस्तक कोणाला, किती तयारीनंतर उपयोगी पडले, हे मात्र यादीत नसते. म्हणून विनंती अशी, की सुरुवात केली तेव्हा आपले गणित कुठवर झाले होते, शिकण्याचा हेतू काय होता आणि वाचताना नेमके कोठे अडले, हे सविस्तर लिहावे. पुस्तकाचे कौतुक थोडक्यात आटोपले तरी चालेल.

*

मी व्यवसायाने लेखापाल आहे. शाळेनंतर माझे गणित टक्केवारी आणि व्याजापुरतेच उरले होते, आणि परीक्षा द्यायची नसल्याने मला घाईही नव्हती. म्हणून मी पॉल हेविट यांचे ‘कन्सेप्च्युअल फिजिक्स’ निवडले. १९७१ साली प्रथम निघालेल्या या पुस्तकात आकडेमोड कमी असून, सूत्र काय सांगते आहे याचा विचार करायला लावण्यावर भर आहे. वर फेकलेला दगड सर्वांत उंच बिंदूवर पोहोचतो तेव्हा त्याचे त्वरण किती, या प्रश्नावर माझे मन सहजच ‘शून्य’ म्हणाले. पण वेगाबरोबर त्वरणही शून्य असते, तर दगड तेथेच लटकून राहिला असता, हे लक्षात आल्यावर वेग आणि वेगातील बदल या दोन गोष्टी माझ्या मनात कायमच्या वेगळ्या झाल्या. उणीव सांगायची तर एवढीच, की हे पुस्तक वाचून समजते पुष्कळ, परंतु उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचे साधे उदाहरण कागदावर सोडवायला घेतले की हात थांबतो. त्यासाठी दुसरे पुस्तक लागते.

*

मी परिचारिका असून क्ष-किरण तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाची पूर्वतयारी करीत होते, त्यामुळे उदाहरणे सोडवता येणे मला आवश्यकच होते. ओपनस्टॅक्स या संस्थेचे ‘कॉलेज फिजिक्स’ मला सोयीचे गेले. २०१२ सालापासून ते विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्याला बीजगणित व थोडी त्रिकोणमिती पुरते. याच संस्थेचे ‘युनिव्हर्सिटी फिजिक्स’ हे तीन खंडांचे पुस्तक मात्र कॅल्क्युलस (अवकलन-संकलनाचे गणित) येते असे गृहीत धरून लिहिलेले आहे. दोहोंचा विषय एकच असल्याने गफलत होऊ शकते, तेव्हा प्रस्तावना वाचूनच ठरवावे. माझी गाडी सदिशांच्या (परिमाणाबरोबर दिशाही असलेल्या राशींच्या) घटकांपाशी अडली. पुस्तकात दोष नव्हता, साइन आणि कोसाइन विस्मरणात गेले होते. तेवढे घोटून घेतल्यावर पुढची प्रकरणे सुरळीत झाली.

*

कॅल्क्युलस टाळण्याचा सल्ला सरसकट द्यावा, असे मला वाटत नाही. मी संगणक अभियंता आहे आणि अवकलन-संकलनाची तोंडओळख मला होती. बीजगणितावर आधारलेल्या पुस्तकात गतीची समीकरणे एकामागून एक पाठ करावी लागतात, असे मला जाणवले. हॅलिडे आणि रेझनिक यांच्या, १९६० पासून आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत असलेल्या ग्रंथाकडे वळल्यावर, त्वरण स्थिर धरून एकदा संकलन केले की वेग मिळतो आणि पुन्हा केले की स्थान मिळते, एवढेच लक्षात ठेवणे पुरेसे झाले. अर्थात ग्रंथ जाडजूड आहे आणि तो सलग वाचायचा नसतो.

*

मी अनेक वर्षे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवतो आहे. पुस्तक पारखताना मी त्याचे मुखपृष्ठ किंवा प्रस्तावना न पाहता थेट घर्षणाचे प्रकरण उघडतो. स्थितिक घर्षण (वस्तू सरकण्यापूर्वीचे घर्षण) म्हणजे घर्षणांक गुणिले अभिलंब बल (पृष्ठभागाने वस्तूला लंब दिशेने दिलेला आधार), असे सरळ समीकरण तेथे ठोकून दिलेले असेल, तर ते पुस्तक मी बाजूला ठेवतो. जमिनीवर १० किलोग्रॅमची पेटी आहे, स्थितिक घर्षणांक ०.४ आहे आणि आपण पेटीला २० न्यूटन बलाने आडवे ढकलतो आहोत, असे समजा. गुरुत्वीय त्वरण ९.८ धरून गुणाकार ३९.२ न्यूटन येतो. परंतु घर्षण खरोखर तेवढे असते, तर पेटी उलट ढकलणाऱ्याकडेच सरकू लागली असती! येथे घर्षण २० न्यूटनच आहे, आणि ३९.२ ही त्याची कमाल मर्यादा आहे. चांगले पुस्तक हा भेद स्पष्ट मांडते आणि त्यावर एखादे फसवे उदाहरणही देते.

दुसरी कसोटी न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची. टेबलावरील वस्तूचे वजन आणि टेबलाने तिला दिलेला आधार, ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी असल्याचे सांगणारी पुस्तके आजही आढळतात. ही दोन्ही बले एकाच वस्तूवर लागतात, म्हणून ती जोडी होऊच शकत नाही. वस्तूला पृथ्वी ओढते, याची जोडी वस्तू पृथ्वीला ओढते ही होय.

यानंतर मी सोडवलेली उदाहरणे पाहतो. ६० किलोग्रॅम वस्तुमानाचा माणूस, वरच्या दिशेला २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने निघालेल्या लिफ्टमध्ये उभा आहे. तळ त्याला किती बलाने ढकलतो? उत्तर ७०८ न्यूटन आहे, पण नवशिक्यासाठी महत्त्वाचे आहे ते आधीचे सारे: माणूस वेगळा काढून त्याच्यावरील बलांची आकृती काढली आहे का, धन दिशा कोणती हे ठरवले आहे का, आणि स्थिर लिफ्टमधील ५८८ न्यूटनपेक्षा हे उत्तर जास्तच यायला हवे होते, अशी पडताळणी शेवटी केली आहे का. नुसती सूत्रात किंमत घालून उत्तराखाली दुहेरी रेघ मारणारे पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री कामाला येईल, शिकण्यासाठी नाही.

*

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या व्याख्यानांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९६१ ते १९६३ या काळात अमेरिकेतील कॅल्टेक या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत दिलेल्या या व्याख्यानांचे तीन खंड आता ऑनलाइन विनामूल्य वाचता येतात, आणि त्यांचा मी निस्सीम चाहता आहे. तरीही पहिले पुस्तक म्हणून ते मी कोणाला सुचवत नाही. प्रकरणांच्या शेवटी स्वाध्याय नाहीत, त्यामुळे समजले आहे की समजल्यासारखे वाटते आहे, हे वाचकाला कळायला मार्ग उरत नाही. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही व्याख्याने कितपत यशस्वी झाली, याबद्दल स्वतः फाइनमन यांनीच प्रस्तावनेत शंका व्यक्त केली आहे. वर शिक्षकांनी सांगितलेल्या प्रकारच्या पुस्तकातून यांत्रिकी पक्की करून मग इकडे यावे. तेव्हा ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचे सुरुवातीचे प्रकरण काय उंचीचे आहे, ते उमगते.

*

जुनी आवृत्ती चालेल का, असे अनेकजण विचारतात, म्हणून थोडेसे. मी जुन्या आवृत्तीवरूनच शिकलो. गतीचे नियम बदललेले नाहीत. डाइन आणि अर्ग अशी बलाची व ऊर्जेची जुनी एकके सर्वत्र वापरणारे फारच जुने पुस्तक मात्र टाळावे, कारण रूपांतरातच जीव जातो. माझ्या प्रतीत किलोग्रॅमची व्याख्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलावरून दिलेली आहे. २० मे २०१९ पासून ती प्लांक स्थिरांक या निसर्गातील मूलभूत स्थिर राशीवरून केली जाते. ही दुरुस्ती मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवली आहे, आणि तेवढ्यासाठी नवी आवृत्ती विकत घेण्याचे कारण मला दिसले नाही.