मदत हवी आहे: बाबांच्या आयसीडीचा शॉक बंद करता येतो का?

बाबा ७९ चे. सहा वर्षांपूर्वी हार्ट अटॅकनंतर हृदयाचं पंपिंग २५ टक्क्यांवर आलं तेव्हा छातीत आयसीडी, म्हणजे हृदयाची लय जीवघेणी बिघडली की आपोआप शॉक देणारं मशीन, बसवलं, एकदा त्याने खरंच वाचवलंय, त्यामुळे मशीनबद्दल तक्रार नाही. पण आता कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय, किमो थांबवली, घरीच असतात. सीपीआर नको, व्हेंटिलेटर नको हे त्यांनी स्वतः लिहून दिलंय, मशीनचं मात्र कुणी विचारलंच नाही आणि आमच्याही डोक्यात आलं नाही. परवा रात्री तीन शॉक बसले. आई हात धरून बसलेली, तिच्याही हाताला मुंग्या आल्या. बाबा म्हणतात छातीत लाथ बसल्यासारखं होतं, आता झोपायलाच घाबरतात.

बंद केलं तर तिथल्या तिथे काही होईल का? तेच मशीन पेसिंगही करतं, म्हणजे ठोके मंद झाले की चालू ठेवतं, त्याचं काय? आणि धाकटा भाऊ म्हणतो हे म्हणजे आपणच त्यांना मारणं झालं, त्याला काय सांगू?

—

दादा, मी कार्डियाक नर्स आहे. आधी आजच डॉक्टरांना फोन करा, एका रात्रीत तीन शॉक हे थांबायचं प्रकरण नाही. ऑपरेशन लागत नाही, प्रोग्रॅमर नावाच्या कॉम्प्युटरसारख्या यंत्राने बाहेरूनच शॉक बंद करतात, काही मिनिटांचं काम, दुखत नाही, पेसिंग चालू ठेवता येतं. हृदय त्याने थांबत नाही, फक्त जीवघेणी लय आली तर मशीन मध्ये पडत नाही. मन बदललं तर परत चालू. सीपीआर नको हे कागदावर लिहिलेलं मशीनला कुठे कळतं? बाहेरून शॉक देणारं हॉस्पिटलमधलं मशीन, डिफिब्रिलेटर, निदान कुणीतरी हातात घ्यावं लागतं, हे आपलं आपणच ठरवतं. तोवर मॅग्नेट मिळेल का विचारा, आयसीडीवर टेपने चिकटवलं की बहुतेक मशीनचा शॉक थांबतो, काढलं की पुन्हा सुरू (फ्रिजवरचं नाही हं). पुढे दहन करणार असाल तर मशीन आधी काढावं लागतं, बॅटरी फुटते.

भावाला सांगा, अमेरिकेच्या हार्ट रिदम सोसायटीने २०१० सालीच म्हटलंय की पेशंटला नको असेल तर हे बंद करणं म्हणजे मारणं नव्हे, माणूस जातो तो आजाराने. पण बाबांना विचारलंत का?

—

ताई, नव्हतं विचारलं. आत्ता विचारलं, भाऊही होता. म्हणाले, "बंद होतं होय? मग सांगायचं ना आधी." डॉक्टरांशी बोललो, संध्याकाळी टेक्निशियन येतोय.