घरातलं नव्वदीपारचं माणूस : तुमच्याकडचे किस्से सांगा

खातीपुऱ्याची लेक
आज पहाटे नळ आले आणि मी अर्धवट झोपेत बादल्या, टप, कुकर, दुधाचं पातेलंसुद्धा भरून ठेवलं. नवरा म्हणे, वरची टाकी भरलीये, मग हे काय? हे माईचं. माई म्हणजे आजी, बाबांची आई. गेल्या श्रावणात गेली, 97 वर्षांची होऊन.

होळकरांच्या राज्यात लग्न होऊन आली. 1948 ला मध्य भारत झाला, 1956 ला मध्य प्रदेश. माईचा पत्ता मात्र इंदूरचा खातीपुराच. पाण्याची ददात तिने फार काढली. उन्हाळ्यात यशवंत सागर, बिलावली दोन्ही तलाव खाली जायचे. 1978 मध्ये नर्मदा आली, थेट नर्मदाकाठच्या जलूदहून विंध्य चढवून. पहिलं पाणी आलं त्या दिवशी माईने तोटीला हळद-कुंकू लावलं आणि खण चक्क नळाला बांधला. पुढे वॉशर बदलायला आलेला माणूस आधी नळाच्या पाया पडला, मग पाना लावला!

तरी भरवसा नाहीच. तांब्याचा पोचा पडलेला हंडा, तोटीला मलमलचं फडकं. नवं पाणी भरलं की कालचं तुळशीला, पण हंडा रिकामा दिसता कामा नये.

सकाळी पेपर आला की आधी उठावण्याचं, म्हणजे शोकसभांच्या जाहिरातींचं पान. शेवटी शेवटी तेही सोडलं. म्हणाली, "माझ्या ओळखीचं कुणी उरलंच नाही, वाचून काय करू?"

तुमच्याकडचे सांगा. रडके नकोत, म्हणजे रडके असले तरी चालतील.

शेव_मारके
खण नळाला 😂😂 आमच्या आजीने टीव्हीला बांधला होता, रामायणाच्या वेळी. बाकी रात्री लिहितो, दुकानात आहे.

सुदामानगर
माईंना नमस्कार. तुमच्याकडे नळ पहाटे किती वाजता येतात हो? आमच्याकडे एक दिवसाआड आणि तेही धार बारीक.

रामबागचा नातू
आमचे आजोबा. जून 2022, बेंगळुरूला रणजी फायनल, आपण, म्हणजे मध्य प्रदेशने, मुंबईला हरवलं. सगळी गल्ली नाचतेय, "पहिल्यांदा जिंकलो भिया!" आजोबा तेव्हा 93. कानातलं मशीन नीट बसवलं आणि म्हणाले, "पहिल्यांदा कसं? होळकरांच्या टीमने चारदा नेलीये." आणि सुरू. 1945-46 ची फायनल, यशवंत क्लबचं मैदान, पन्नाशी उलटलेले कर्नल सी. के. नायडू, बडोद्याविरुद्ध 200. शाळा बुडवून गेले होते म्हणे. कर्नलसाहेब क्रीझवर कसे उभे राहायचे ते दाखवायला काठी घेऊन उठले. आई ओरडतेय, बाबा पडाल! ते म्हणाले, "पडेन तर पुढे जाऊन पडेन, मागे नाही." आमचं जेवण राहिलं बाजूला.

मांडवीवाला
बडोद्याहून हजर. रामबागकर, आजोबांनी पुढचं वर्ष सांगितलं नाही वाटतं? मार्च 1947, फायनल आमच्याकडे. होळकर 202 मध्ये गारद. मग विजय हजारे 288, गुल महंमद 319, भागीदारी 577. एक डाव आणि 409 धावांनी. आमचे काका नव्वदीपर्यंत हे आकडे पाढ्यांसारखे म्हणायचे. हार्टचं ऑपरेशन झालं, शुद्धीवर आले, डॉक्टरांनी खात्री करायला विचारलं काका, आज वार कोणता? वार चुकले. मग काकूने विचारलं, हजारे किती? "दोनशे अठ्ठ्याऐंशी." काकू म्हणाली, ठीक आहेत, चहा द्या.

रामबागचा नातू
@मांडवीवाला ते वर्ष आमच्या घरात कधी झालंच नाही 🙏

लष्करची सून
ग्वाल्हेर. सासूबाई 94, आहेत अजून, टच वुड. मेळा लागला की त्यांना न्यायचंच, 1905 पासूनचा मेळा आहे, तो काय त्यांच्यावाचून भरणार! व्हीलचेअरवरून जातात आणि चिनी मातीची बरणी घेतात. दरवर्षी. घरात बरण्याच बरण्या, लोणचं मी प्लॅस्टिकच्या डब्यात घालते कारण "त्या चांगल्या बरण्या काढू नकोस". माझ्या नवऱ्याला अजून "बाळ, रस्ता नीट बघून ओलांड" असं सांगतात, तो पुढच्या वर्षी रिटायर होतोय. कुकर झाला, येते.

शेव_मारके
बरण्या आमच्याकडे पाठवा वहिनी, गराडूचा (तळलेल्या कंदाचा) मसाला भरून परत करू.

लष्करची सून
@शेव_मारके मसाला आधी पाठवा, बरणीचं मग बघू.

नेहमीची वाचक
पहिल्यांदा लिहितेय. माझी आत्या. लग्न केलं नाही, आम्हा सगळ्या भाचरांच्या फिया तिने भरल्या. शाळेत शिकवायची. 91 व्या वर्षी गेली तेव्हा तिच्या पाकिटात आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट साइज फोटो निघाले, दहावीच्या फॉर्मवरचे. मागे प्रत्येकाचा रोल नंबर. एवढंच लिहवतंय.

खातीपुऱ्याची लेक
@नेहमीची वाचक अगं 🤗 जमेल तेव्हा अजून लिही, घाई नाही.
@सुदामानगर आमच्याकडे साडेपाच, पण हल्ली सहा होतात. धार बारीक असेल तर तोटीची जाळी काढून बघा, गाळ बसतो.

सुदामानगर
काढली. निघाला वाटीभर. आभार! आता तुमचा तो हंडा कशाने घासता तेही सांगा, आईचा काळा ठिक्कर पडलाय.

खातीपुऱ्याची लेक
चिंच-मीठ. पावडर नको, चरे पडतात. आणि कोरडा करून ठेवा, ओला ठेवलात तर उद्या पुन्हा तेच.

मांडवीवाला
हंड्यांचं आटोपलं असेल तर 577 वर परत येऊ या का?